वाहतें तें उरतें काय?

लोणारचें सरोवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस नवें नाहीं. गेल्या हिवाळ्यांत वरच्या वर्गांतील मुलांमुलींस घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. सुमारें १.८ किलोमीटर रुंद आणि शंभर मीटरांहून अधिक खोल असें तें गोल विवर कांठावरून प्रथम दृष्टीस पडतें, तेव्हां बडबडीं मुलेंही क्षणभर गप्प होतात. काळ्या पाषाणाच्या या पठारावर आकाशांतून एक अशनि येऊन आदळला व हें विवर झालें, याविषयीं आतां शास्त्रज्ञांस शंका उरलेली नाहीं. तो केव्हां आदळला याविषयीं मात्र मतभेद आहे. एका पद्धतीनें मोजलें तर सुमारें ५०,००० वर्षें भरतात, दुसरीनें मोजलें तर सुमारें ५,७०,०००.

आम्हीं सहज विचारलें, "मुलांनो, सरोवर सरोवर म्हणतां, तें नेमकें कोणतें?" एक म्हणाला, "पाणी." पण पाणी उन्हाळ्यांत आटतें, पावसाळ्यांत वाढतें, झऱ्यांवाटे रोज नवें येतें. २०२० च्या जून महिन्यांत पाणी कमी होऊन क्षार वाढले आणि क्षारांतच वाढणारे हॅलोआर्किया नांवाचे सूक्ष्म जीव माजले, तेव्हां तेंच पाणी गुलाबी दिसूं लागलें व पुढें पूर्ववत् झालें. दुसरा म्हणाला, "मग खड्डा." परंतु खड्डाही स्थिर नाहीं, कडे झिजतात, तळाशीं गाळ सांचतो. तेव्हां मागें उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "ती धडक." हें उत्तर आम्हांस फार आवडलें. धडक एका क्षणांत संपली; आणि तरी आम्ही सर्व त्या धडकेच्या कांठावर उभे होतों.

त्याच दिवशीं दुपारीं गोड्या पाण्याच्या धारेजवळ मुलें डबे सोडून बसलीं असतां एक लहानसा प्रसंग घडला. एका बांकावर बसणारे दोन मित्र. एकाचें घर बौद्ध, दुसऱ्याचें ख्रिस्ती. बौद्ध मुलाचे आजोबा त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत वारले होते. बोलतां बोलतां ख्रिस्ती मुलानें विचारलें, "तुमच्यांत आत्मा मानीत नाहींत ना रे? मग मेल्यावर कांहींच नाहीं?" दुखविण्याचा हेतु नव्हता, पण मित्राच्या घशाखालीं घांस उतरेना. परततांना गाडींत तो आमच्या शेजारीं येऊन बसला आणि बऱ्याच वेळानें आपल्या घरच्या बोलींत म्हणाला, "सर, मंग आमचे आबाजी गेले कुठी?"

मेहकर आलें तरी आम्हीं त्यास कांहीं सांगितलें नाहीं, कारण सांगण्याजोगें सुचलें नाहीं. पुढें कांहीं आठवडे हा प्रश्न आम्हीं वर्गांत घेतला. त्यांतलें जें लिहून ठेवण्यासारखें वाटलें तें येथें देत आहों. पालकांनींही तें वाचावें अशी विनंती आहे. असे प्रश्न मुलांच्या मनांत बहुधा घरींच प्रथम उठतात.

प्रथम आपल्या बोलण्याकडे पाहूं. "पाऊस पडतो" असें आपण म्हणतों. जणूं पाऊस नांवाचा कोणी गृहस्थ ढगांत बसलेला असून मग तो पडण्याचें काम करतो! पडणें वगळलें तर पाऊस म्हणून निराळें कांहीं उरत नाहीं. वाऱ्याचेंही तसेंच, न वाहणारा वारा कोणीं अनुभवला आहे? व्याकरणास कर्ता लागतो म्हणून आपण कर्ता बसवितों, आणि पुढें तो क्रियेवेगळा खरोखरच कोठें तरी आहे असें मानूं लागतों. जगांत आधीं वस्तु असतात व मग त्या हालचाल करतात, ही समजूत इतकी अंगवळणी पडली आहे कीं ती केवळ एक समजूत आहे हेंही आपण विसरतों. याच्या उलट, जग मुळांतच घडण्याचें बनलेलें आहे, आणि एकसारखें घडत राहणाऱ्या प्रवाहास आपण सोयीसाठीं "वस्तु" म्हणतों, असें मानणारा एक विचार आहे. त्यास प्रक्रिया-तत्त्वज्ञान म्हणतात.

हा विचार आपल्या भूमीस परका नाहीं. अडीच हजार वर्षांच्या सुमारास भगवान् बुद्धांनीं सर्व संस्कार अनित्य आहेत व कोठेंही न बदलणारा आत्मा सांपडत नाहीं असें शिकविलें. "मिलिंदपञ्ह" या पालि ग्रंथांत यवन राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद आहे. त्यांत नागसेन दिव्याचा दृष्टान्त देतात. संध्याकाळीं लाविलेला दिवा रात्रभर जळला. पहिल्या प्रहरांतील ज्योत आणि शेवटच्या प्रहरांतील ज्योत एकच काय? एक म्हणावी तर जळणारें तेल क्षणोक्षणीं निराळें. अगदीं निराळी म्हणावी तर रात्रभर उजेड त्याच एका दिव्याच्या आधारानें चालला. मनुष्याचेंही असेंच आहे. पांचव्या शतकांतील आचार्य बुद्धघोष यांनीं "विसुद्धिमग्ग" ग्रंथांत चाकाची उपमा योजिली आहे: चाक केवढेंही मोठें असो, चालतांना तें जमिनीस एकाच ठिकाणीं टेकतें, तसें प्राण्याचें जगणें एका वेळीं एका चित्तक्षणापुरतेंच असतें. ज्यांनीं बैलगाडीची धांव ओल्या मातींत उमटतांना पाहिली आहे त्यांस हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां ख्रिस्ती मुलाच्या प्रश्नांतील चूक येथेंच दुरुस्त केली पाहिजे. "आत्मा नाहीं" म्हणजे "कांहींच नाहीं" असें बुद्धांचें मत नव्हे. सर्व कायम टिकतें हा शाश्वतवाद आणि सर्व पार पुसलें जातें हा उच्छेदवाद, हे दोन्ही त्यांनीं नाकारिले. एकापासून दुसरें उपजतें, कारणाशिवाय कांहीं होत नाहीं, आणि झालेलें कार्य केल्याशिवाय राहत नाहीं, हा मधला मार्ग; त्यासच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. दिवा विझला तरी त्यावर लाविलेला दुसरा दिवा जळत असतो. एकांतून दुसऱ्यांत कोणी उडी मारून गेला नाहीं, आणि तरी दुसरा पहिल्यावांचून लागला नसता.

वर ज्या "विसुद्धिमग्ग" ग्रंथाचें नांव आलें, त्याच्या संपादनासाठीं एका मराठी विद्वानानें आयुष्याचीं बरींच वर्षें वेंचलीं. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ सालीं गोव्यांतील सांखवाळ गांवीं झाला. बुद्धाच्या शोधांत घर सोडून निघालेला हा पुरुष नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा हिंडला, आणि १९१० पासून १९३२ पर्यंत चार वेळां अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत या ग्रंथाच्या कामासाठीं गेला. त्यांपैकीं १९२६-२७ च्या खेपेस त्याच विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवीत असलेल्या एका वृद्ध इंग्रज अध्यापकाकडे आतां वळूं.

आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचा जन्म १८६१ सालचा. (आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही त्याच वर्षीं जन्मले.) वडील शाळा चालविणारे व पुढें धर्मोपदेशक झालेले. व्हाइटहेड स्वतः गणिती. बर्ट्रांड रसेल या शिष्यासह त्यांनीं गणिताच्या मूलतत्त्वांवर तीन मोठे खंड १९१० ते १९१३ या काळांत प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, त्यांचा धाकटा मुलगा एरिक वैमानिक असतां मारला गेला. वय अवघें १९. पुढच्याच वर्षीं निघालेला निसर्गज्ञानावरील ग्रंथ त्यांनीं त्या मुलास अर्पण केला. जग म्हणजे केवळ एक यंत्र ही कल्पना टाळण्याकडे त्यांचें मन वळलें त्यांत या दुःखाचा मोठा भाग होता, असें रसेल यांनीं मागाहून लिहिलें आहे. लोणारहून परततांना गाडींत आम्हांस विचारला गेलेला प्रश्न त्या घरींही कोणी तरी विचारला असेल.

वयाच्या ६३ व्या वर्षीं, १९२४ सालीं, ते हार्वर्डला आले. एडिंबरो येथें दिलेल्या व्याख्यानांचें "प्रोसेस अँड रिॲलिटी" हें पुस्तक १९२९ सालीं निघालें. पुस्तक अत्यंत कठीण आहे, आणि आमच्या कोणाही विद्यार्थ्यानें तें हातीं घ्यावें असें आम्ही सुचवीत नाहीं; आम्हांसही त्यांतील कित्येक पानें तिसऱ्या वाचनांत उमगलीं. परंतु मुख्य कल्पना सांगतां येते. जगाचे अखेरचे घटक म्हणजे दगडासारखे निर्जीव कण नव्हेत. ते लहान लहान प्रसंग आहेत. प्रत्येक प्रसंग मागील सर्व प्रसंगांस कमीअधिक प्रमाणांत आपल्यांत घेतो, त्यांत आपली कांहीं भर घालतो, आणि पुरा होतांच संपतो. पण संपतो म्हणजे वाया जात नाहीं. पुढील प्रसंगांस तो घेण्याजोगी सामग्री होतो.

यास शाळेंतलाच दाखला घेऊं. ज्या सकाळीं तुम्हीं सोळाचा पाढा पाठ केला ती सकाळ गेली. ज्यांनीं तो घोकून घेतला ते गुरुजीही कदाचित् नसतील. पण आज व्याजाचें गणित करतांना ती सकाळ तुमच्या हातून काम करीत असते. ती आठवतही नाहीं, इतकी ती आजच्या कृतींत मिसळून गेली आहे. पूर्वीचें नंतरच्यांत अशा रीतीनें उतरतें, आणि व्हाइटहेड म्हणतात कीं केवळ मनुष्याच्या मनांत नव्हे, सर्व सृष्टींत हेंच चाललें आहे. लोणारच्या कांठावरील मुलीच्या उत्तराची आतां आठवण करावी.

इतक्यावरून बौद्ध विचार व हा विचार जवळचे वाटतात, आणि ते जवळचे आहेतही. स्वयंपूर्ण अशी वस्तु नाहीं, प्रत्येक गोष्ट इतरांच्या आधारें होते, "मी" हा एक चालू प्रवाह आहे, येथपर्यंत दोघे एका वाटेनें चालतात.

या वाटेचा आपल्या समाजाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. फार मोठा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले. तेथें जॉन ड्यूई हे त्यांचे अध्यापक होते. अनुभव ही सतत चालू असलेली घडामोड आहे, आणि समाजानें आपला वारसा निवडून, सुधारून पुढच्या पिढीस द्यावयाचा असतो, असें ड्यूई शिकवीत. १९३६ सालीं लाहोरच्या सभेसाठीं बाबासाहेबांनीं जातिनिर्मूलनावर भाषण लिहिलें. सभा भरली नाहीं. त्यांनीं तें स्वतः छापून काढलें. त्याच्या अखेरीस ड्यूईंचें ऋण मान्य करून ते सनातन असें कांहीं नाहीं, बदल हाच व्यक्तीच्या व समाजाच्या जीवनाचा नियम आहे, असें बजावतात. पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मनुष्याचें मूळ द्रव्य जन्मतःच ठरलेलें असेल, तर खालचा तो खालचाच राहणार. जें ठरलेलें वाटतें तें केवळ दीर्घकाळ तसें घडत आलेलें असेल, तर तें निराळें घडवितां येतें. अनित्यता हा शब्द ऐकून उदास होणाऱ्यांनीं ही बाजू ध्यानांत घ्यावी.

आतां ख्रिस्ती बाजू. येथें अडचण अधिक आहे, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. देव न बदलणारा, कशानेंही न ढळणारा, असें चर्चचे जुने आचार्य शिकवीत आले. ही मांडणी करतांना त्यांनीं ग्रीक तत्त्वज्ञांची भाषा वापरिली. त्यांचा हेतु चांगला होता: जो आज एक, उद्यां दुसरा, त्याच्यावर विसंबावें कसें? परंतु शास्त्रांतील देव तर मिसर देशांत गुलाम झालेल्यांचें कण्हणें ऐकतो, रागावतो, कळवळतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत लाजराच्या कबरेजवळ येशू रडतो. आणि तो त्यास उठविणार आहे हें ठाऊक असूनही रडतो. ज्यास कांहींच लागत नाहीं असा देव या अश्रूंशीं कसा जुळवावा?

व्हाइटहेड यांनीं देवाच्या दोन बाजू कल्पिल्या. एका बाजूनें देव प्रत्येक प्रसंगापुढें त्यास शक्य असलेलें अधिक चांगलें रूप ठेवतो; सक्ती करीत नाहीं, ओढ लावतो. दुसऱ्या बाजूनें जगांत जें जें घडतें तें तो आपल्यांत घेतो, त्याचें दुःख सोसतो, आणि त्यांतलें जपण्याजोगें कांहींही हरवूं देत नाहीं. म्हणजे जग देवाकडून घेतें तसा देवही जगाकडून घेतो. अमेरिकेंत चार्ल्स हार्टशॉर्न (१८९७–२०००) आणि जॉन कॉब यांनीं हा विचार पुढें चालविला. कॉब हे मेथॉडिस्ट मिशनरी आईबापांचे पुत्र, जन्म जपानांत १९२५ सालीं, मृत्यु २०२४ सालीं. बौद्ध आणि ख्रिस्ती यांनीं केवळ एकमेकांचें सभ्यपणें ऐकून उठूं नये, एकमेकांमुळें स्वतः बदलण्याची तयारी ठेवावी, असें त्यांनीं १९८२ सालच्या एका पुस्तकांत मांडलें, आणि मासाओ आबे या जपानी बौद्ध विद्वानाशीं अनेक वर्षें संवाद चालविला. व्हाइटहेड यांनींही १९२६ सालींच म्हटलें होतें कीं हे दोन्ही धर्म आधुनिक विचारांत दुबळे पडले याचें एक कारण म्हणजे प्रत्येकानें दुसऱ्यापासून स्वतःस जपून ठेविलें.

बहुसंख्य ख्रिस्ती मंडळींनीं मात्र ही मांडणी स्वीकारलेली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ओढ लावणारा पण सक्ती न करणारा देव दुष्टाईवर अखेर विजय मिळवील याची खात्री काय, हा त्यांचा आक्षेप आहे. आम्हांस तो हलका वाटत नाहीं.

मग दोन्ही धर्म एकच कीं काय? वर्गांत एका उत्साही विद्यार्थ्यानें तसा निकाल देऊन टाकला. तो आम्हीं मान्य केला नाहीं. फरक कोठें पडतो हें पाहण्यास अजिंठ्यास जावें. बुलढाणें गांव ज्या डोंगरओळीवर वसलें आहे, तीच ओळ पश्चिमेकडे अजिंठ्याचीं लेणीं पोटांत घेऊन आहे. तेथील पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील सव्विसाव्या लेण्यांत डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचें शिल्प आहे. सुमारें ७ मीटर लांबीची बुद्धमूर्ति उजव्या कुशीवर पहुडलेली. खालीं शोकाकुल शिष्यांची रांग. वर आकाशांत आनंदित देवगण. अखेरच्या घटकेस बुद्धांनीं शिष्यांस सांगितलें तें हेंच, कीं जें जें घडलेलें आहे तें मोडणारें आहे, प्रमाद न करतां झटा. आणि तरी खालीं शिष्य रडत आहेत. शिल्पकारानें त्यांस हुसकून लाविलें नाहीं. कित्येक शतकें ते तेथें बसून रडत आहेत, आणि मूर्तीच्या मुद्रेवर त्यांच्याविषयीं किंचितही रोष नाहीं.

याच लेण्याच्या दर्शनी भागीं बुद्धभद्र नांवाच्या भिक्षूचा शिलालेख आहे. जोंवर जगांत मनुष्याची आठवण टिकते तोंवर तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असें स्मारक डोंगरांत कोरावें, अशा अर्थाचा मजकूर त्यांत आहे. अनित्यतेचा उपदेश ऐकणारा भिक्षु पाषाणास आठवण सांभाळावयास सांगतो! यांत कोणी विसंगति पाहील. आम्हांस त्यांत आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न दिसला.

फरक तो येथें. गेलेलें कोण सांभाळतो? बौद्ध म्हणेल कीं सांभाळणारा कोणी नाहीं व त्याची आवश्यकताही नाहीं. केलेलें पुढें कार्य करीत जातें, आणि तें मुठींत धरून ठेवण्याची तृष्णा हेंच दुःखाचें मूळ आहे. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या १९५७ सालीं निघालेल्या ग्रंथांत बाबासाहेबांनीं मृत्यूनंतर देहांतील घटक विश्वांतील आपापल्या महाभूतांत मिळतात, आत्मा म्हणून प्रवास करणारा कोणी नसतो, असें विवरण केलें आहे. व्हाइटहेड यांच्या वाटेनें जाणारा ख्रिस्ती म्हणेल कीं आठवणारे मरतील, डोंगरही झिजेल, म्हणून जें घडलें तें देवाच्या ठायीं कायमचें राहतें यावरच भिस्त ठेविली पाहिजे. एक मूठ उघडावयास सांगतो, दुसरा मूठ कोणाच्या हातीं द्यावी तें सांगतो. ही दोन सांगणीं एक नव्हेत, आणि प्रक्रिया-तत्त्वज्ञानानेंही तीं एक होत नाहींत. मात्र दोघे एकाच प्रश्नाचें उत्तर देत आहेत एवढें त्यानें स्पष्ट झालें, आणि धारेजवळ डबे खातांना आमच्या दोन विद्यार्थ्यांस नेमकें तेवढेंच कळलें नव्हतें.

कोसंबी ४ जून १९४७ रोजीं सेवाग्रामास वारले; अन्नत्याग करून, शांतपणें. व्हाइटहेड त्याच वर्षीं ३० डिसेंबरला अमेरिकेंत वारले. कोसंबींचा "विसुद्धिमग्ग" हार्वर्डनें १९५० सालीं प्रसिद्ध केला. तो पाहण्यास संपादक नव्हता.

चर्चा संपल्यावर आम्हीं वर्गास एक पान निबंध लिहावयास सांगितला. बौद्ध मुलानें लिहिलें कीं त्याचे आबाजी बाराव्या वर्षीं आपल्या वडिलांबरोबर नागपुरास गेले होते, परत आल्यावर त्यांस शाळेंत घातलें गेलें, आणि घरांत पहिली पाटी त्यांचीच. तो दिवस संपला असला तरी आपण या बांकावर बसलों आहों तें त्या दिवसामुळें. आबाजी कोठें गेले याचें उत्तर त्यानें लिहिलें नव्हतें. पण या वेळीं तो प्रश्नही त्यानें लिहिला नव्हता. ख्रिस्ती मुलानें लिहिलें कीं मित्राच्या आजोबांचा तो दिवस देवापाशीं जपलेला आहे असें त्यास मनापासून वाटतें. परंतु हें मित्रास सांगावें कीं नाहीं याचा निर्णय अद्याप झाला नाहीं, आणि सांगितलेंच तर प्रथम त्या दिवसाची हकीकत त्याच्या तोंडून पुरी ऐकून घ्यावी असा विचार आहे.

येत्या हिवाळ्यांतील सहल अजिंठ्यास न्यावी असा अर्ज दोघांनीं मिळून मुख्याध्यापकांकडे दिला आहे. परवानगी मिळाल्यास सव्विसावें लेणें आधीं पाहूं. दुपारनंतर तेथें गर्दी होते.